मुक्या माराची साक्ष

आई सांगायची, तिचा उजवा हात अजून त्या जीपमध्येच आहे.

जीप केव्हाच दुरुस्त होऊन पुन्हा शिर्डीच्या रस्त्याला लागली होती. पण दुपारी जरा डोळा लागला की आईला तीच पहाट दिसे. कालव्याकडेचं धुकं, मांडीवर झेंडूची पाटी आणि डोक्यावरच्या दांडीला घट्ट धरलेला स्वतःचा हात. "बाकी सगळी मी उतरून घरी आले," ती म्हणे, "हात तेवढा ऱ्हायलाय तिथं. कुणीतरी जाऊन सोडवून आणा की त्याला." हे ती हसत सांगायची, म्हणून आम्हीही हसायचो.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यानंतर आईने शिर्डीतल्या एका फुलांच्या दुकानासाठी हार ओवले, आणि त्या हारांवर माझं संगमनेरचं कॉलेज झालं, बी.एड. झालं, नगरला सावेडीतल्या शाळेत नोकरी लागली. शहराचं नाव आता बदललं, पण आई नगरच म्हणते आणि तिच्यापुढे मीही. दर्शनाच्या रांगेत कुणाच्या हातात हार दिसला की मला अजून वाटतं, असाच एखादा हार माझ्या फीचा झाला असेल.

आई ओवायला बसली की घरातला वेळ हळू चाले. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधलेलं, हातात लांब सुई, पुढ्यात ओल्या फडक्यावर झेंडू आणि शेवंती. सुई फुलांतून गेली की तिचा उजवा हात दोरा ओढत बाजूला जाई, पार खांद्याच्या रेषेत, आणि परत येई. मी समोर पुस्तक घेऊन बसे. वाचता वाचता नजर त्या हातावर जाई. जायचा, यायचा. कितीतरी धडे मला त्या हाताच्या लयीत पाठ झाले आहेत. आजही वर्गात कविता म्हणून दाखवताना मी किंचित डोलते, असं मुली सांगतात.

अपघात हिवाळ्यात झाला. आई आणि माझी चुलती दोघी एकाच दुकानाचं काम करायच्या. पहाटे फुलं घेऊन दोघी जीपने शिर्डीला चालल्या होत्या. पुढे उसाचा ट्रॅक्टर आडवा आला म्हणून जीप थांबली आणि मागून येणारा टेम्पो थांबला नाही. चुलती समोरच्या बाकावर आपटली, तिचं मनगट मोडलं. आईला खरचटलंही नाही. पाटी सांडू नये म्हणून तिने एका हाताने ती पोटाशी धरली होती, आणि दुसऱ्या हाताने दांडी सोडली नाही. सगळं अंग पुढे गेलं, हात मागे राहिला. पाटी सांडायची ती सांडलीच. टेम्पोचा ड्रायव्हर पोरसवदा होता. तो खाली उतरला, सगळ्यांना हात जोडले आणि काय करावं ते न सुचून रस्त्यावरची फुलं वेचायला लागला. धुक्यात, डांबरावर, केशरी फुलं आणि वाकलेला तो मुलगा. हे चित्र मी पाहिलेलं नाही, पण आईने इतक्या वेळा सांगितलं आहे की ते मला माझंच वाटतं.

दवाखान्यात दोघींचे एक्स-रे काढले. चुलतीच्या फोटोत मोड साध्या डोळ्यांना दिसत होती. आईचा फोटो डॉक्टरांनी उजेडावर लावला, बराच वेळ पाहिला आणि काढून ठेवला. "हाड शाबूत आहे," ते म्हणाले. "मुका मार आहे. आराम करा."

मुका मार आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. झाडावरून पडलेलं पोर, बैलाने ढुशी दिलेला माणूस. रक्त नाही, मोड नाही, म्हणजे मुका मार. तो शेकायचा, चोळायचा आणि कामाला लागायचं. त्याच्यासाठी कुणी दुसऱ्यांदा दवाखान्याची पायरी चढत नाही. आईही चढली नाही. गावातले एक म्हातारे बाबा आंबेहळदीचा लेप लावून खांदा बांधून द्यायचे, त्यांच्याकडे ती जात राहिली. बाबा पैसे घेत नसत. गेलं की चहा पाजत.

आजाऱ्याला भेटायला जायची आमच्या गावात रीत आहे. चुलतीचं प्लॅस्टर बघायला गाव लोटलं. बिस्किटाचे पुडे आले, केळी आली, पोरांनी प्लॅस्टरवर पेनाने फुलं काढली. चुलती मुळातच गमत्या स्वभावाची. ती ओट्यावर बसून येणाऱ्याला अपघात सांगायची आणि दर खेपेला टेम्पो थोडा मोठा व्हायचा. आलेल्यांसाठी चहा करायला आई उठायची. कुणी म्हणालंच, "आणि तुम्हाला कुठं लागलं?" तर आईच्या आधी चुलती बोलायची.

"तिचं आतनं दुखतंय म्हणं. आतनं तर माझं बी लई दुखतंय. आमच्या मालकानं इतकी वरसं दुखवलंय, पण त्याचं प्लॅस्टर मिळत न्हाई."

बायका हसायच्या. आईही पदर तोंडाला लावून हसायची आणि कपबशा गोळा करायची.

मी पुढच्या दिवाळीच्या सुटीत गावी गेले तेव्हा आईने ओवलेले हार आखूड झाले होते. आधी मला वाटलं, दुकानातूनच तसं सांगितलं असेल. मग तिच्यासमोर बसल्यावर दिसलं. दोरा ओढताना हात मध्येच थांबत होता, आणि जिथे हात थांबेल तेवढ्याच लांबीचा दोरा ती घेत होती. दुकानदार तिला म्हणाले होते, "मावशी, हा हार आहे का गजरा?" त्यानंतर त्यांनी तिला हळूहळू सुटी फुलं निवडायचं काम दिलं. वाईट माणूस नव्हे तो. पण फुलं निवडणारीला ओवणारीचा मान नसतो.

मी तिला सावेडीला घेऊन आले. इथे डॉक्टरांनी मोठी तपासणी करून घेतली. खांद्यातले स्नायू आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारे दोर ताणले गेलेत, काही तुटलेत, वेळेवर उपचार झाले असते तर अधिक बरं झालं असतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. व्यायाम सुरू झाले. आई भिंतीसमोर उभी राहून बोटांनी भिंत चढायची, मुंगीसारखी, आणि एका जागी थांबायची. रोज तीच जागा. तिथे भिंतीवर बोटांचा पुसट डाग पडला होता.

तोवर चुलतीला अपघाताची भरपाई मिळूनही गेली होती. आईचाही दावा करावा, असं शाळेतल्या एका बाईंनी सुचवलं आणि त्यांच्याच ओळखीच्या वकीलताईंकडे आम्ही गेलो. वकीलताई माझ्याच वयाच्या, बोलायला मोकळ्या. पोलिसांत नोंद होती, पंचनामा होता. एवढं असूनही त्या म्हणाल्या, "तुमच्या चुलतींचं काम एक्स-रेने केलं. मावशींना स्वतः सांगावं लागेल."

आईने आधी वेगळंच विचारलं. "त्या पोराच्या खिशातनं जायचं न्हाई ना काही? त्यानं माझी फुलं येचली हुती."

"त्याच्या नाही, मावशी. टेम्पोचा विमा आहे. विमा कंपनी देईल."

"मग कंपनीतलं कोण येतंय कोर्टात?"

"त्यांचे वकील येतील."

"त्यांनी मला कुठं पाहिलंय? त्यांना कसं कळंल?"

"तेच तर कळवायचंय," वकीलताई म्हणाल्या.

घरी येताना आई रिक्षात कडेला बसली होती. प्रोफेसर कॉलनीच्या चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती बाहेर बघत म्हणाली, "पैशाचं जाऊ दे. एकदा कुणी परक्या माणसानं म्हनावं, हिला दुखतंय. लोकं हसतात ना, तवा मला बी वाटाय लागलंय, मलाच भास होतोय का काय."

सिग्नल सुटला.

कोर्टाच्या तारखांचे दिवस आता आठवले की एकमेकांत मिसळून जातात. व्हरांड्यातला गारवा, कडुनिंबाची सावली, चहाच्या किटलीचा आवाज, कुणाच्या तरी नावाचा पुकारा आणि मग सगळं पुन्हा शांत. मी रजा टाकून जायचे, बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन परत यायचे. मला त्याचा त्रास व्हायचा. आईला नाही. ती बाकावर बसून लोकांचे हात बघायची. "तो बघ, फाईल डाव्या काखेत धरतो. त्याचा बी उजवा गेलाय." खरं-खोटं कोण जाणे. पण त्या दिवसांत मलाही सगळ्या माणसांच्या अंगात काहीतरी न दिसणारं दुखत असल्यासारखं वाटायचं, आणि ते सगळे ते सांभाळत, एका बाजूला किंचित झुकत, व्हरांड्यातून पाण्याखालून चालल्यासारखे चालले आहेत असं वाटायचं.

शेवटी आईच्या उलटतपासाचा दिवस आला. न्यायाधीश बाई होत्या, चष्म्यातून शांत बघणाऱ्या. कंपनीचे वकील वयस्कर, पांढऱ्या मिशांचे. ते उठून उभे राहिले तशी आई पिंजऱ्यात सावरली आणि तिने खांद्यावरचा पदर डोक्यावर घेतला. मोठं माणूस समोर उभं राहिलं की आमच्याकडच्या बायकांचा पदर आपोआप डोक्यावर जातो; त्यात विचार नसतो.

"मावशी, तुमचं एकही हाड मोडलेलं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"अपघातानंतर तुम्ही एकदाच दवाखान्यात गेलात. पुढे बरेच महिने डॉक्टरकडे गेला नाहीत."

"लेप लावीत हुते ना."

"कुणाकडून?"

"गावातल्या बाबांकडनं."

"त्यांची पावती आहे?"

आई गोंधळली. "लेपाची?"

मागे कुणीतरी हसलं. वकीलसाहेब हसले नाहीत. "या वयात खांदे असेही दुखतात, मावशी. माझेही दुखतात."

"मग शेकत जावा की," आई मनापासून म्हणाली. "वाळूची पुरचुंडी करून शेका."

यावर न्यायाधीशबाईंच्याही ओठांवर हसू येऊन गेलं. वकीलसाहेबांनी कागद खाली ठेवले. त्यांचा आवाज आता अगदी मऊ झाला.

"तुम्ही लिहून दिलंय की उजवा हात खांद्याच्या वर जात नाही."

"व्हय."

"मी उभा राहिलो तेव्हा तुम्ही पदर डोक्यावर घेतलात. कुठल्या हाताने घेतलात?"

आईने आपल्या हाताकडे पाहिलं, जणू त्यालाच विचारत होती. "ह्याच."

"उजव्या. आणि पदर तर डोक्यावर आहे. म्हणजे हात डोक्यापर्यंत जातो."

आईला यातून वाट काढता आली नाही. पदर डोक्यावर होता. उजव्याच हाताने घेतला होता. कोर्टात खोटं बोलणार नाही अशी शपथ तिने घेतली होती. "व्हय साहेब," ती हळू म्हणाली. "जातो म्हणायचा."

वकीलताईंचं पेन थांबलं. मी मागच्या बाकावर होते. पंख्याची घरघर एकदम लांब गेली. मला वाटलं, संपलं. पैशाचं नव्हे, तिचंच काहीतरी. आता ती स्वतःवर कधीच विश्वास ठेवणार नाही.

"मावशी," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तो पदर एकदा खाली घ्या आणि परत डोक्यावर घ्या. रोज घेता तसाच."

आई जागची हलली नाही. परक्या पुरुषांसमोर डोक्यावरचा पदर मुद्दाम काढायचा, हे तिने आयुष्यात केलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने डाव्या हाताने पदर मागे सारला. तिचा पांढरा भांग, विरळ झालेले केस, मागचा सैल, एका बाजूला कललेला अंबाडा भर कोर्टात उघडा पडला. मग तिचा उजवा हात पदराच्या काठाकडे गेला.

तेव्हा मी ते पाहिलं. हाताने काठ धरला, छातीपर्यंत वर आला आणि थांबला. कोपर बरगडीला चिकटून होतं. मग आईचे गुडघे किंचित वाकले, अंग उजवीकडे कललं, आणि तिचं डोकं खाली आलं. वासरू गाईच्या पोटाखाली शिरतं तसं ते पदराखाली शिरलं. ती सरळ झाली तेव्हा पदर डोक्यावर होता. डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात झालं. हात डोक्यापर्यंत गेलाच नव्हता. डोकं हाताकडे आलं होतं.



"असा पदर कधीपासून घेता?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"कसा?" आई म्हणाली.

तिला खरंच माहीत नव्हतं. तिच्या अंगाने तिला न विचारता ही वाट शोधली होती. रोज, दहा माणसांसमोर, माझ्यासमोर.

न्यायाधीशबाई टायपिंग करणाऱ्या मुलीकडे वळल्या आणि सावकाश इंग्रजीत सांगू लागल्या. आईने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे काय चाललंय असं. मला प्रत्येक शब्द कळत होता. त्या क्षणी मला माझे संगमनेरचे इंग्रजीचे सर आठवले, भिंतीला टेकून पुस्तक वाचणारी मी आठवले, समोर जाणारा-येणारा तो हात आठवला. एवढ्यासाठीच शिकले असं वाटलं, की आईबद्दल कोर्टात जे बोललं जाईल ते मला कळावं.

बाहेर कडुनिंबाखाली मी तिला मराठीत सांगितलं. "त्यांनी लिहून घेतलंय, की साक्षीदाराचा हात वर जात नाही, ती डोकं खाली आणते."

"असं म्हनाल्या?"

"हो."

"आपल्या आपण म्हनाल्या? कुणी सांगितलं न्हाई?"

"कुणी नाही. त्यांनी स्वतः पाहिलं."

आई बाकावर बसली. तेवढ्यात ते पांढऱ्या मिशांचे वकील काळा कोट हातावर टाकून जाताना थांबले. मला वाटलं, काही टोचून बोलतील.

"मावशी, वाळू किती गरम करायची?"

"हाताला सोसंल इतकी," आई म्हणाली. "वरनं एरंडाचं पान बांधा. आणि रोज करा, एक दिस करून सोडू नका."

ते मान हलवून गेले.

निकाल पावसाळ्यानंतर लागला. मागितलं होतं त्याहून कमी मंजूर झालं. लेपाच्या काळाचं काही धरलं नाही, वयापोटीही थोडं वजा झालं. वकीलताईंनी शाळेत फोन करून सगळं समजावलं, मी घरी येऊन आईला समजावलं. ती आकडा ऐकत होती, पण तिचं लक्ष तिथे नव्हतं.

"मग मानलं त्यांनी?"

"मानलं. दुखणं खरं आहे, अपघातामुळेच आहे, असं लिहिलंय."

"बरं," ती म्हणाली आणि खिडकीतून खाली बघत राहिली. खाली स्कूटर लावायच्या जागेत मुलं क्रिकेट खेळत होती.

संध्याकाळी चुलतीचा फोन आला. मी स्पीकर लावला. "काय गं जाऊबाई, मुक्या माराचं बी मिळतं व्हय? मग मी अजून एक केस टाकते, आमच्या मालकावर."

"टाक," आई म्हणाली. "मी साक्षीला येते."

चुलती खूप हसली. मग जरा थांबून, वेगळ्याच आवाजात म्हणाली, "लई दुखायचं का गं? मी आपली येड्यावानी बोलत ऱ्हायले."

"चहा कर आता कधी आले की," आई म्हणाली. "तुझ्या हातचा पिऊन लई दिस झाले."

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी वह्या तपासत होते. आई न्हाऊन आली होती. ओले केस पाठीवर सोडून ती माझ्यापुढे जमिनीवर येऊन बसली आणि फणी मागे माझ्याकडे सरकवली.

"जरा अंबाडा घालून दे."

मी फणी हातात घेतली. इतके महिने ती माझ्याकडे राहत होती आणि केस रोज तिचे तीच विंचरायची, आतल्या खोलीत, दार लोटून. कसे, ते आता मला ठाऊक होतं. पलंगाच्या कडेवर कोपर टेकून, डोकं हाताकडे नेऊन. म्हणून तो अंबाडा नेहमी एका बाजूला कललेला असायचा.

"आधी का नाही म्हणालीस गं?"

"आधी म्हनाले असते तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "लई घट्ट नको घालू. डोकं दुखतं."

मी सावकाश गुंता काढत राहिले. खोलीत ओल्या केसांचा आणि शिकेकाईचा वास होता. पडद्यातून ऊन येऊन फरशीवर हलत होतं. माझा हात तिच्या डोक्यापासून खाली जायचा, परत वर यायचा, आणि थोड्या वेळाने मला कळलं की मी त्याच जुन्या लयीत फणी ओढते आहे. तिची मान जड झाली, मागे माझ्या गुडघ्याला टेकली. डोळा लागला होता. मी वाकून पाहिलं. तिचे दोन्ही हात तिच्या मांडीत होते.